गुडघ्याखालचा लोड

नीलम आली ती भांडायचं ठरवूनच आली. उत्तरेतल्या दाट धुक्यापायी, इथल्या कोहऱ्यापायी, विमान चार तास उशिरा उतरलं होतं, टॅक्सीवाल्यानं जानकीपुरमला पोचेपर्यंत दोनदा रस्ता चुकवला होता, आणि एवढ्या वेळात तिच्या डोक्यातली वाक्यं घासूनपुसून लख्ख झाली होती. बॅग दारातच टाकून ती सरळ आईच्या खोलीत गेली. भास्करराव मिराशी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. लेकीनं त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि त्यांना बरंच वाटलं. बोलावं लागलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. शुक्रवारपासून घरात कुणी नुसतं 'बाबा' म्हटलं तरी ते उठून व्हरांड्यात जात होते.

आतून लीलावतीबाईंचा आवाज येत होता. "काही नाही गं, आहे तसंच आहे," असं त्या लेकीला सांगत होत्या, आणि त्या 'तसंच' म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. उजवा गुडघा बदलून अकरा आठवडे झाले होते. एव्हाना तो पाय पलंगाला सपाट टेकायला हवा होता. तो टेकत नव्हता. गुडघ्याखालून एखादं मांजर आरामात निघून जाईल एवढी फट राहिली होती. उभं राहिलं की बाई त्या बाजूला कलायच्या, आणि चार पावलांत कंबर धरायच्या. शाळेत असताना खो-खोत सांगली जिल्ह्याकडून खेळलेली बाई ही. त्याच खेळात हा गुडघा पहिल्यांदा मुरगळला, हाडवैद्यानं चोळूनमोळून बसवला, आणि पन्नास वर्षांनी संधिवातानं नेमकं त्याच गुडघ्यात घर केलं.

शुक्रवारी सर्जननं पाय मोजला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चोवीस अंशांचा बाक. "अभी छह हफ्ते हैं," ते म्हणाले. "तेवढ्यात व्यायामानं उतरला तर उतरला. नाहीतर गुडघा पुन्हा उघडावा लागेल." आणि पुन्हा उघडणं म्हणजे पुन्हा भूल. बाईंचं हृदय आधीच कमजोर. पहिल्याच वेळी भुलेच्या डॉक्टरांनी तीनतीनदा कागदावर सह्या घेतल्या होत्या. म्हणजे हे सहा आठवडे काय ते. ते गेले की जन्मभर वाकडा पाय, मग कंबर, आणि मग अंथरूण. हे सर्जननं म्हटलं नाही. ऋचानं गाडीत बसल्यावर म्हटलं, कारण तिला विचारलं गेलं आणि खोटं बोलणं तिला जमत नाही.

ऋचा घरची सून, आणि फिजिओथेरपिस्ट. आता बोला.

टेबलावर तहरी होती, ताज्या मटारचा इकडचा मसालेभात. वाफा येत होत्या, पण जेवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. नीलमनं ताट पुढे ओढलंच नाही.

"मी स्पष्टच बोलते, हर्षा. आईला मी पुण्याला नेते. मंगळवारची तिकिटं बघून ठेवलीत. व्हीलचेअरचंही सांगितलंय."

"ताई, आधी चार घास खा तरी," तिचा धाकटा भाऊ हर्षवर्धन म्हणाला.

"जेवायला नाही आले मी."

ऋचा भांड्यावर झाकण ठेवत होती. तिनं हळूच म्हटलं, "ताई, हे सहा आठवडे फार मोलाचे आहेत. प्रवास, नवीन माणूस, नवीन जागा, त्यात आठ-दहा दिवस सहज जातात."

"आणि तुझ्याकडे अकरा आठवडे होते, त्यांचं काय झालं गं?"

ऋचानं झाकण उचलून पुन्हा बसवलं.

"छावणीतले जवान तुझ्याकडे येतात. कॉलेजची पोरं येतात. त्या बॅडमिंटनवाल्या मुलीचा खांदा नीट केलास म्हणून पेपरात फोटो आला, तो आम्हाला सगळ्यांना पाठवला हर्षानं. आणि घरातली म्हातारी लंगडी. दिव्याखाली अंधार तो हाच."

"आत्या, ऐसा मत बोलो ना," पूर्वा म्हणाली. सतरा वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र जीभ हिंदीकडेच वळते. "मम्मी किसी को नहीं छोड़ती. मेरा पैर मुड़ा था तो मुझे रोज रुलाती थी. रोज. पर छह हफ्ते में मैं वापस कोर्ट पर थी."

"हेच तर म्हणतेय मी. लेकीसाठी जीव काढायचा, आणि सासूसाठी 'दुखत असेल तर राहू द्या'. आई मला फोनवर काय म्हणाली सांगू? म्हणाली, ऋचानंच लोड घ्यायला सांगितलाय, पण पाय तर दिवसेंदिवस वाकडाच होत चाललाय."

ऋचानं मान वर केली. "कसला लोड?"

भास्कररावांच्या हातातला चमचा ताटाला लागला. मोठा आवाज झाला असं त्यांना वाटलं. बाकी कुणाचं लक्षही गेलं नाही.

"ते मला काय माहीत," नीलम म्हणाली. "मी इथे असते का?"

आता हर्षवर्धन बोलेल आणि बायकोची बाजू घेईल, अशी ऋचाची आशा होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही. पण आपला मुलगा कसा आहे हे भास्कररावांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी जो बोलेल त्याचं पटणारा तो लहानपणापासूनच. त्यानं पाण्याचा पेला उगाच फिरवला.

"मला वाटतं ऋचा, आपण महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला हवं होतं. म्हणजे तू चुकलीस असं नाही. पण घरच्या माणसाचं करताना कधीकधी..."

"कधीकधी काय?"

"नाही, काही नाही."

"बोल ना. वीस वर्षं झाली हे काम करतेय मी. बोल."

त्यानं पेला तोंडाला लावला. ऋचा उठली, सासूच्या खोलीत गेली आणि दाराच्या मागे लटकवलेले कागद काढून घेऊन आली. दोन कागद होते. तिनं ते टेबलावर पसरले.

तो चार्ट तिनं स्वतः आखला होता. दिवसाचे चार रकाने. व्यायाम तसा पोरखेळ वाटावा असा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि दहा मिनिटं हलायचं नाही. पाय आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरतो. पहिली दोन मिनिटं काही वाटत नाही. त्यानंतर मात्र बाईमाणूस असो की फौजदार, डोळ्यांत पाणी उभं राहतं. खाली लाल शाईनं तिनं लिहिलं होतं, 'गुडघ्याखाली उशी नको.' कारण उशी घेतली की बरं वाटतं, आणि बरं वाटतं तसाच गुडघा आखडून बसतो. सकाळी क्लिनिकला जाण्याआधी अर्धा तास गुडघा वाकवायचं काम ऋचा करायची. सरळ करायचं काम दिवसभराचं, आणि ते तिनं सासऱ्यांवर सोपवलं होतं. सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, रजिस्टर नीट ठेवील याची तिला खात्री होती.

"बघा ताई. सत्तर दिवस. रोज चार खुणा. एक घर रिकामं नाही," ऋचा म्हणाली. "वाकतो एकशेदहापर्यंत, म्हणजे माझं सकाळचं काम लागू पडतंय. सरळ मात्र होत नाही. मी दर रविवारी मोजते. आधी बाक बारा होता, मग सोळा, मग वीस. मी एक्स-रे काढून घेतला, रक्त तपासलं, जंतुसंसर्ग नाही ना ते बघितलं. काही नाही. एवढा व्यायाम होऊनही पाय वाकडा होत असेल तर एकच अर्थ उरतो. माझ्या हाताला कळत नाहीये. मी सकाळी काहीतरी चुकीचं करतेय आणि मला ते दिसत नाहीये."

तिचा आवाज नेहमीचाच होता, आणि ते ऐकवत नव्हतं.

"गेल्या आठवड्यात दोन पेशंट मी दुसरीकडे पाठवले. एकाचा लिगामेंट फाटलेला होता, कबड्डीपटू होता. पाय हातात घेतला आणि मला भीती वाटली. तुम्ही आईंना घेऊन जा ताई. मी अडवत नाही."

भास्कररावांनी सुनेचे हात बघितले. ती दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवून बसली होती. ह्याच हातांनी तिनं त्यांचा अवघडलेला खांदा दोन महिन्यांत मोकळा केला होता. त्यांना लाज वाटली. इतकी, की उठून गेटबाहेर चालू पडावं आणि परत येऊच नये असं वाटलं.

एवढ्यात पूर्वा चार्टवर वाकली. "एक मिनट. सत्ताईस नवंबर को तो आजी दिनभर अस्पताल में थी ना? इको हुआ था उस दिन. मैं साथ गई थी, शाम को छह बजे लौटे थे."

"मग?"

"तो उस दिन चार टिक कैसे?"

सगळे कागदावर वाकले. सत्तावीस तारखेच्या रकान्यात चार खुणा होत्या. निळ्या, टोकदार, एकसारख्या. त्याच्या आदल्या दिवशीच्याही तशाच, आणि पुढच्या दिवशीच्याही. जवळून बघितलं तर पूर्ण आठवडा एका बैठकीत भरल्यासारखा दिसत होता.

आणि बघा माणसाचं नशीब. कठड्यावरून पाय घसरावा आणि खाली कुणी गादी टाकून ठेवलेली असावी, तशी भास्कररावांच्या लेकीनंच त्यांना वाट काढून दिली.

"अगं, शहात्तर वर्षांचे आहेत बाबा," नीलम म्हणाली. "एखाद्या दिवशी विसरले असतील, नंतर भरलं असेल. आता त्यांना धरून बसू नका. त्यांच्यावर ही जबाबदारी टाकायलाच नको होती, हेही तुझंच चुकलं ऋचा."

"बाबा, असं झालं का?" हर्षवर्धननं विचारलं. सुरात काळजी होती. "विसरता का तुम्ही हल्ली?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. म्हातारपणाचा आडोसा सगळ्यांनी मिळून धरलाच होता, आत शिरायचं तेवढं बाकी होतं. लेकाला पटलं असतं, लेकीला पटलं असतं. एकटी ऋचा त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

"विसरत नाही मी काही," भास्करराव म्हणाले.

ते उठले. शिलाईमशीनच्या मागे, जुन्या रजईच्या घडीत हात घातला आणि तो लोड काढून आणला. दीड वीत लांबीचा, निळ्या फुलांच्या कापडाचा, मधोमध दबून चपटा झालेला. तहरीच्या भांड्याशेजारी त्यांनी तो ठेवला.

"नोव्हेंबरात गल्लीत धुनिया आला होता. आपल्या रजया पिंजून घेतल्या त्याच्याकडून. कापूस उरला होता. त्याला म्हटलं, एक छोटा लोड करून दे, गुडघ्याखाली घालायला. त्यानं मन लावून करून दिला."

भास्करराव पुन्हा खुर्चीत बसले.

"व्यायाम पहिले दोन आठवडे केला. खरंच केला. ती रडायची. एकोणपन्नास वर्षांत माझ्यासमोर कधी रडली नव्हती ती. तिची आई गेली तेव्हासुद्धा आत जाऊन रडली. आणि इथे दहा मिनिटं घड्याळ लावून मी तिला रडवत बसायचो. मला नाही जमलं. आधी दहाची पाच मिनिटं केली. मग चार वेळांच्या दोन केल्या. मग नुसताच लोड. तो घातला की तिला डोळा लागायचा. तू दुपारी यायच्या आत काढून ठेवायचो, सकाळी पाचला उठून काढायचो. रात्री रजईखाली दिसायचा प्रश्न नव्हता."

"आणि खुणा?" ऋचानं विचारलं.

"त्या मी करायचो."

"मी तुम्हाला विचारलं होतं बाबा. तीनदा विचारलं. चारही वेळा होतंय ना म्हणून. तुम्ही म्हणालात, चार्ट बघ."

"हो."

"माझं मन मला खात होतं. मी रात्रीरात्री पुस्तकं काढून बसत होते, ते तुम्ही बघत होतात."

"बघत होतो," भास्करराव म्हणाले. "वाटायचं, हळूहळू होईल ठीक. एवढा लोखंडी सांधा बसवलाय, एका उशीनं त्याला काय होतंय. नंतर कळायला लागलं, तेव्हा सांगायची छाती होईना. म्हणून गप्प बसलो. आता काय म्हणायचंय ते म्हण."

ऋचानं लोड उचलला, दाबून बघितला आणि मग ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. पूर्वा उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. हर्षवर्धननं हात पुढे केला तो ऋचानं न बघताच बाजूला सारला. त्याला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

नीलम मात्र हरायला तयार नव्हती. तिनं फक्त बाजू बदलली. "मग तर आईला इथून हलवायलाच हवं. बाबा असेपर्यंत तिचा व्यायाम होणार नाही."

"पूर्वा," आतून हाक आली. "वॉकर दे गं बाळा मला."

अर्ध्या भिंतीपलीकडची खोली. सगळं ऐकू गेलं असणार हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लीलावतीबाई दारात आल्या त्या वॉकरवर भार टाकून, एका अंगाला कलून. त्यांनी लेकाकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं नाही.

"तुम्ही मला सांगितलंत, ऋचाला विचारलंय, आता लोड चालेल म्हणाली."

भास्कररावांनी मान खाली घातली.

"मी म्हटलं, तिला एकदा विचारते. तर तुम्ही म्हणालात, सारखं विचारू नकोस, क्लिनिकमधून दमून येते, तिला राग येतो. म्हणून मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. मला वाटलं, सासू जड झालीय हिला. नीलमला फोन करून मी हिच्याबद्दल नाही नाही ते बोलले."

"लीला, तुला त्रास होत होता म्हणून..."

"त्रास मला होत होता. सहन मला करायचा होता. तुम्ही कोण तो माफ करणारे?"

भास्कररावांनी चार्ट घडी करून बाजूला सारला.

बाईंनी सुनेकडे वळून विचारलं, "सहा आठवड्यांत होईल का गं?"

ऋचानं ओढणीनं तोंड पुसलं. "पूर्ण होईल असं नाही सांगत आई. आठ-दहा अंश राहतील कदाचित. पण चालता येईल. खूप दुखेल. आधीपेक्षा जास्त, कारण आता ते आखडून घट्ट झालंय."

"पुण्याला दुखणार नाही का?"

"तिथेही तेवढंच दुखेल."

"मग इथेच बरं. नीलम, तिकिटं राहू देत." त्या थांबल्या, वॉकरवरची पकड सावरली. "फक्त ह्यांना खोलीत येऊ देऊ नकोस."

संध्याकाळी पाच वाजता खोलीचं दार लागलं. आत दोघीच, ऋचा आणि लीलावतीबाई. पूर्वा मोबाईलवर वेळ लावून दाराशी बसली. बाहेर कोहरा खाली उतरत होता, समोरच्या घराचं गेट दिसेनासं झालं होतं. हर्षवर्धन गाडी पुसायच्या निमित्तानं बाहेर होता. हॉलमध्ये नीलम आणि भास्करराव एका सोफ्यावर दोन टोकांना बसले होते.

पहिली दोन मिनिटं काही ऐकू आलं नाही. मग ऋचाचा आवाज, "श्वास सोडा आई. धरून ठेवू नका." मग एक बारीक हुंकार. मग धीर सुटला, आणि बाई रडायला लागल्या. लपवून नाही, पदर तोंडात धरून नाही. उघड.

भास्कररावांनी गुडघे घट्ट धरले.

"ऋचा, पुरे गं. पुरे."

"अजून चार मिनिटं आई."

"अहो." आतून हाक आली. "अहो, ऐकलंत का? सांगा ना हिला."

नीलम झटक्यात उठली. आल्यापासून भांडणारी हीच पोर, तिचे डोळे भरून आले होते. भास्कररावांनी तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"अहो!"

ते बसून राहिले. त्यांनी बँकेत असताना कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. नुसतं नीलमचं मनगट धरून ठेवलं. ते किती घट्ट धरलंय याचं त्यांना भान नव्हतं, आणि तीही काही बोलली नाही. आतून आणखी दोनदा हाक आली. मग ती थांबली, नुसतं रडणं राहिलं. त्यानंतर पूर्वाचा मोबाईल वाजला.

ऋचा बाहेर आली. स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या होत्या, एवढ्या थंडीत कपाळावर घाम होता. हातात कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी होती.

"बावीस," ती म्हणाली. "चोवीसचे बावीस झाले. रात्रीतून एखादा अंश परत वर जाईल. चालतं तेवढं." ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं सासऱ्यांकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या शेजारच्या तिपाईवरचा गार चहा उचलून नेला आणि पूर्वाला दुसरा ठेवायला लावला.

भास्करराव दारापर्यंत गेले. आत जावं की नाही हे त्यांना कळेना, म्हणून ते उंबऱ्यातच उभे राहिले. लीलावतीबाई उताण्या पडल्या होत्या. चेहरा सुजला होता, केस गालाला चिकटले होते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी तशीच होती.

"हाक ऐकू आली होती?" बाईंनी विचारलं.

"आली होती."

बाईंनी गालावरचे केस मागे सारले.

"उद्याही येऊ नका," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.